इष्टुर फाकड्यामागची रांग

लोणावळ्याहून पुण्याकडं निघालं की कार्ला लागतं, पुढं वडगाव. या मावळात एक परदेशी सायेब देव होऊन बसलाय. इष्टुर फाकडा. खरं नाव कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. राघोबाला पेशवाईच्या गादीवर बसवायला ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई फौज बोरघाट चढून आली. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याच्या लढाईत स्टुअर्ट पडला. पुढं कंपनीनं तळेगावहून माघार घेतली, वडगावात कोंडली गेली आणि तह करून सुटली.

शत्रूनंच त्याला फाकडा म्हटलं. वडगावात त्याची समाधी आहे. त्याचा मला राग नाही. माझा सवाल त्याच्यामागच्या रांगेचा आहे. त्या फौजेत दोन हजारांवर देशी शिपाई होते. मुंबई फौजेत तेव्हा महारही भरती व्हायचे. पण घाटात पडलेल्या एकाही शिपायाचं नाव मावळच्या तोंडी नाही. सायबाचा देव झाला, शिपायाची माती.

39 वर्षांनी, 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव झालं. तिथल्या खांबावर शिपायांची नावं कोरली. त्यात 'नाक' शेवटाची 22. म्हणून 1927 ला बाबासाहेब तिथं उभे राहिले, तेव्हा बोट ठेवायला नाव होतं.

गिरणीत कापड मी विणतो, छाप मालकाचा पडतो. तसाच हा इतिहास. म्हणून दोस्तहो, वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं बसा. पलटणीत कोण गेलं, कुठं मेलं, वहीत उतरवा. दगडाचं मागनं बघू.