कोबे एका दिवसात, लातूरकराच्या वाटेनं

आजचा भाग जपानवर आहे, पण शेवटपर्यंत ऐकलात तर लक्षात येईल की निम्मा भाग औसा तालुक्यातच गेला. त्याला इलाज नाही. मी लातूरचा आहे आणि कोबे हे शहर लातूरच्या माणसाला दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघताच येत नाही.

आधी शहराची ओळख. ओसाकाहून जेआरची जलद गाडी पकडली तर वीसेक मिनिटांत सान्नोमिया स्टेशन येतं, ते कोबेचं मधलं ठिकाण. लोकसंख्या साधारण १५ लाख. उत्तरेला रोक्को डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि मधल्या पट्टीत पूर्व-पश्चिम पसरलेलं शहर. इथले लोक पत्ता सांगताना उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत, ‘डोंगराकडं’ आणि ‘समुद्राकडं’ म्हणतात. त्यामुळं शहर मोठं असलं तरी एका दिवसात पायी, मेट्रोनं, जरा टॅक्सीनं फिरून होतं. कामासाठी ओसाकाला असताना मला एक रविवार मोकळा मिळाला, म्हणून मी दिवसभरासाठी एक खासगी गाइड घेतली. दुभाषी गाइडचा सरकारी परवाना नसलेल्यांनाही २०१८ पासून पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं, त्यामुळं आता पर्याय पुष्कळ आहेत.

गाइडनं पाठवलेला आराखडा नेहमीचाच होता. सकाळी कितानोतले परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले, मग रोपवे, दुपारी चायनाटाऊन, नादा भागातली साकेची कोठारं, संध्याकाळी बंदर. मी तिला लिहिलं की रोपवे काढ, साके काढ, मला भूकंप बघायचाय. तिनं विचारलं, का? मी लिहिलं, मी किल्लारीच्या बाजूचा आहे. तिनं बहुतेक नकाशावर शोधलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी आराखडा पूर्ण बदलून आला.

भूकंपाकडं वळायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण कोबेला एका दिवसात बघायची चाल आजची नाही. हे बंदर परदेशी जहाजांना १ जानेवारी १८६८ ला उघडलं. पुढं जगप्रवासाच्या बोटी इथं थांबायच्या, प्रवाशांना दिवसभराची सुट्टी मिळायची, मग रिक्षा करायची, म्हणजे माणसानं ओढायची रिक्षा, आणि नुनोबिकीचा धबधबा बघून संध्याकाळी परत बोटीवर. परदेशी पाहुण्यांची नीट व्यवस्था लागावी म्हणून १८९३ मध्ये जपानात किहिनकाई नावाची संस्था निघाली. जपानी पर्यटनखात्याची ती पणजी म्हणा. ती काढण्यात पुढं होते शिबुसावा एइइची, जपानी उद्योगांचे मोठे कारभारी.

आता गंमत बघा. त्याच १८९३ मध्ये हेच शिबुसावा आणि आपले जमशेटजी टाटा एकत्र बसले. मुंबईचा कापूस जपानला न्यायचा तर पी अँड ओ आणि तिच्या जोडीदार कंपन्या सांगतील ते भाडं द्यावं लागायचं. ती मक्तेदारी मोडायला जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीनं मुंबईची लाईन सुरू केली. नोव्हेंबर १८९३ मध्ये ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघाली. जपानी कंपनीची समुद्रापारची ही पहिली लांब पल्ल्याची नियमित सेवा. पी अँड ओनं भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण लाईन टिकली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईत यायचा आणि तिथून कोबेला उतरून ओसाकाच्या गिरण्यांत जायचा. लातूरला तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती, बार्शी लाइटची चिमुकली गाडी आपल्याकडं पोचली १९११ ला.

कोबेत भारतीय वस्ती वाढायचं एक कारणही भूकंपच आहे. १ सप्टेंबर १९२३ ला तोक्यो आणि योकोहामा उद्ध्वस्त झालं. योकोहामातले रेशमाचा व्यापार करणारे बरेच सिंधी, गुजराती व्यापारी कोबेला सरकले. म्हणून आज कितानो भागात संगमरवरी जैन मंदिर आहे, १९८५ चं. जवळच १९३५ ची मशीद, तिच्यासाठीही भारतीय व्यापाऱ्यांचे पैसे होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचं जळालं तेव्हा मशीद उभी राहिली आणि १९९५ लाही उभी राहिली. गाइडनं तिथं मला दहा मिनिटं दिली आणि म्हणाली, चला, आता समुद्राकडं.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. आपला ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मध्ये साडेपंधरा महिने. एकीकडं गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, दुसरीकडं कडाक्याच्या थंडीत झोपलेलं बंदर. कोबेचा धक्का ६.९ चा (जपानी मोजणीत ७.३), आपला ६.२ चा. हा ०.७ चा फरक छोटा वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. ऊर्जेच्या हिशोबात कोबेचा भूकंप साधारण अकरा पट मोठा होता. तिथं ६,४३४ माणसं गेली, पुढच्या महिन्यांत त्याच कारणानं दगावलेले धरून. आपल्याकडं आकड्यांवर एकमत नाही, कुणी आठ हजारांच्या आसपास सांगतं तर कुणी दहा हजारांच्या जवळ. कुठलाही धरा, कोबेपेक्षा जास्तच. अकरावा हिस्सा ताकद, खेडी, आणि तरीही जास्त मृत्यू.

याचं उत्तर डोक्यावर होतं. आपली माळवदाची घरं आठवा. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी वर नवी माती टाकायची, जुनी तशीच. उन्हाळ्यात आत गारवा. पिढ्यान्‌पिढ्या ते छप्पर जड होत गेलं. भिंतीतले दगड गोलसर, एकमेकांत न गुंतलेले. भिंत फुगली की दोन्ही अंगांनी फाकते आणि वरची सगळी माती खाली.

हे मी गाइडला मोबाईलवर चित्र काढून सांगत होतो. ती थांबली आणि म्हणाली, आमचंही हेच. कोबेची जुनी लाकडी घरं, त्यांच्यावर जड कौलं आणि कौलाखाली ती बसवायला मातीचा थर. का, तर वादळात छप्पर उडू नये. तिथले बहुतेक बळी अशाच जुन्या घरांखाली चिरडून किंवा गुदमरून गेले, आणि त्यांत निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे होते, कारण जुन्या घरात म्हातारी माणसंच राहतात. १९८१ च्या नव्या बांधकाम नियमांनंतर बांधलेल्या इमारती बऱ्याच तगल्या. आपण ऊन अडवलं, त्यांनी वारा अडवला. जमीन हलेल हे दोघांच्याही हिशोबात नव्हतं.

आणि नव्हतंच का? इथं मला राग येतो. आपला भाग तेव्हा देशाच्या भूकंप नकाशात सगळ्यात सुरक्षित, म्हणजे झोन १ मध्ये होता. पण १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीत धक्क्यांची माळच लागली होती, लोक घाबरून बाहेर झोपत होते. मग धक्के थांबले आणि सगळे घरात गेले. कोबेतही असंच. १९७४ मध्ये खुद्द महापालिकेनं करून घेतलेल्या अहवालात शहराखालच्या भूकंपाचा इशारा होता. पण जपानचं सगळं लक्ष तोकाईकडं, पूर्वेकडं. कान्साईत भूकंप होत नाही अशी लोकांची समजूत, आपल्या ‘दख्खनचं पठार हलत नाही’सारखीच. २००२ मध्ये आपला झोन १ नकाशातूनच काढून टाकला आणि किल्लारी झोन ३ मध्ये गेली.

दुपारी आम्ही हिगाशी युएन्ची बागेत गेलो. महापालिकेच्या शेजारीच आहे. त्या दिवशी महापालिकेच्या एका इमारतीचा सहावा मजला मधल्यामध्ये चेपला होता. बागेत एका पुतळ्याशेजारी ५:४६ ला थांबलेलं घड्याळ आहे. जमिनीखालच्या एका खोलीत मृतांच्या नावांच्या पाट्या. दर १७ जानेवारीला पहाटे लोक इथं बांबूत दिवे लावून उभे राहतात. मेरिकेन पार्कमध्ये धक्क्याचा ६० मीटर तुकडा तुटला तसाच ठेवलाय, वाकडे दिवे, पाण्यात कललेलं काँक्रीट. शेजारी सगळं चकचकीत, मुलं सेल्फी काढतायत.

सगळ्यात जास्त वेळ गेला २००२ साली उघडलेल्या आपत्ती संग्रहालयात. पहिल्या दालनात भूकंपाचे क्षण मोठ्या पडद्यावर आणि आवाजात दाखवतात, मला ते जरा सिनेमासारखं वाटलं. खरी ताकद खालच्या मजल्यावर. लोकांनी आणून दिलेल्या साध्या वस्तू आणि प्रत्येकीची गोष्ट. शिवाय तिथं कातारिबे असतात, म्हणजे स्वतः भूकंपातून वाचलेली, आता म्हातारी झालेली माणसं. ती येतात, बसतात आणि आपली पहाट सांगतात. मी ऐकलं ते गाइडनं हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं म्हणून, पण निम्मं न सांगताही कळलं.

कोबेनं सगळं चांगलंच केलं असं नाही. शेवटचा टप्पा नागाता. बुटांच्या छोट्या कारखान्यांचा, कोरियन आणि व्हिएतनामी कामगारांचा भाग, आगीत मोठा जळालेला. महापालिकेनं तिथं उंच इमारती आणि पक्के बाजार उभे केले. २००९ मध्ये ‘तेत्सुजिन २८’ या कॉमिकमधल्या रोबोचा सुमारे १५ मीटर उंच पुतळाही बसवला. पण बाजारातली कित्येक शटर खाली. गिऱ्हाईक होतं ते गल्लीतलं, गल्ली गेली तर गिऱ्हाईकही गेलं. याहून वाईट म्हणजे तात्पुरती घरं. ४८ हजारांवर घरं बांधली, वृद्धांना आधी, चिठ्ठ्या टाकून. हेतू चांगला. पण शेजारी विखुरले आणि त्या घरांत दोनशेहून जास्त माणसं एकटी मेली, कुणाला कळलंही नाही. पुढच्या भूकंपांत, उदाहरणार्थ २००४ च्या निइगातामध्ये, जपाननं अख्खी वस्ती एकत्र हलवायला सुरुवात केली.

ऐकताना तुम्हाला आपली ५२ गावं आठवली असतील. ती पूर्ण नव्यानं वसवली, जागतिक बँकेचं कर्ज आणि कितीतरी संस्थांची मदत. घरांचे तीन आकार ठरले, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट, कुणाला शेत किती त्यावर. रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट. गुबाळला तर घुमटाची गोल घरं. जुन्या गल्ल्या मोडल्या. (त्या गल्ल्यांत जातही होती, हेही विसरू नये. जुनं ते सगळं सोनं नव्हतं.) बऱ्याच जणांनी नव्या घराला पत्र्याची शेड जोडली आणि पहिली काही वर्षं तिच्यातच झोपले. काँक्रीटच्या छताखाली झोप येत नाही म्हणायचे. एवढं मोठं काम देशात तोवर क्वचितच झालं होतं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण जपलं काय? अवाजी बेटावर नोजिमाची भेग आहे, १९९५ ला जमिनीवर उघडलेली. तिचा १४० मीटर भाग छताखाली घेऊन १९९८ पासून संग्रहालय केलंय. किल्लारीजवळही शेतात जमीन उचलली गेली होती. हैदराबादच्या एनजीआरआयनं तिथं सहाशे मीटरहून खोल भोक पाडून खडकाचे नमुने काढले, बेसॉल्टचा थर ३३८ मीटर निघाला, जगभरच्या शोधनिबंधांत त्याचे दाखले येतात. आपल्या शाळेच्या सहली मात्र तिथं जात नाहीत, त्या खरोसा लेणी नाहीतर औंढा करून येतात. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, ३० सप्टेंबरला मानवंदना होते. बाकी जुन्या गावठाणात दगड आणि बाभळी.

नागाताहून परतताना गाइडनं विचारलं, तुमच्याकडं कातारिबे आहेत का? मी म्हणालो, आहेत, घरोघरी आहेत. आमच्याकडं अजूनही लग्नाची, जन्माची सालं ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशीच सांगतात. मी स्वतः ‘नंतर’चा. पण त्यांना बसायला जागा दिलेली नाही. १९९३ ला तीस वर्षांचं असलेलं माणूस आता साठी ओलांडून गेलंय.

म्हणून एक काम सांगतो. सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, नांदुर्गा, किल्लारी, कुठलेही असाल आणि घरात ती पहाट बघितलेलं कुणी असेल, तर त्यांना फोनवर बोलतं करा. माळवद किती जाड होतं, कुणाचं घर कुठं होतं, पहिला आवाज कसा आला, असलेच बारीक प्रश्न विचारा. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद करा. फाईल आम्हाला पाठवली तर सांभाळून ठेवू, नाही पाठवली तरी तुमच्याकडं राहू द्या.

पुढच्या भागात बार्शी लाइट रेल्वे, कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत. भेटू.