घर कुणाच्या नावावर?



आपल्या धामापुरात असं घर विरळाच, ज्यातलं कुणी मुंबईला गेलं नाही. माझी आत्या लग्नानंतर वरळीच्या बीडीडी चाळीत राहायला गेली. खोली १६० चौरस फुटांची. घरची सात माणसं, शिवाय गावचे चार गिरणी कामगार तिच्याकडे जेवायला. पहाटे नळावर पाणी भरण्यापासून खोलीचं भाडं वेळेवर देण्यापर्यंत सगळं तीच बघायची. भाडेपावती मात्र आतोबांच्या नावावर. ते गेले आणि पावती मुलाच्या नावावर झाली. आत्याचं नाव लावावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्याही नाही!

या खोल्या बांधल्या सरकारने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्या सुधारण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, सुरू झालं. बेत ५० हजार खोल्यांचा होता. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी झाल्या. सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला होता. नंतर त्याच चाळी आपल्या कोकणातल्या माणसांनी गजबजल्या.

पण खोल्या पुरल्या नाहीत. मिळेल त्या जागेवर झोपड्या उठल्या. सरकार आधी त्या पाडत असे. १९७१ साली झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला आणि वस्तीत नळ, शौचालयं, दिवे, पायवाटा येऊ लागल्या. १९७६ साली झोपड्यांची मोजणी होऊन फोटोपास मिळाले. म्हणजे सरकारने पहिल्यांदा मान्य केलं की ही माणसं इथे राहतात. पण मोजणी कुटुंबप्रमुखाची, आणि प्रमुख म्हणजे पुरुष.

फूटपाथवर राहणाऱ्यांची तर तेवढीही नोंद नव्हती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. पण फूटपाथवरच्या झोपड्या पावसाळ्यानंतर हटवायलाही मुभा दिली. तेव्हा भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायका एकत्र आल्या. १९८६ मध्ये त्यांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. रोजच्या कमाईतले रुपया-दोन रुपये बाजूला टाकायचे, आपल्या झोपड्या आपणच मोजायच्या, आपलं घर कसं हवं ते आपणच ठरवायचं, असा त्यांचा रिवाज. घराचा हिशोब ज्या ठेवतात, त्यांनीच घराबद्दल बोलायचं, हे त्यांनी दाखवून दिलं.

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. यात सरकार रोख पैसे घालत नाही. बिल्डरला जास्तीचं बांधकाम विकायची परवानगी मिळते आणि त्या बदल्यात तो झोपडीवाल्यांना फुकट घर देतो. तेव्हा ते २२५ चौरस फुटांचं होतं. या योजनेत एक नियम आहे, ज्याची चर्चा फार होत नाही: घर नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचं. एवढ्या वर्षांनी बाईचं नाव कागदावर आलं.

ही फक्त मुंबईची गोष्ट नाही. २००३ साली राज्य शासनाने ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराला पती-पत्नी दोघांची नावं लावायचं ठरवलं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावाकडचं घरकुलही बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं.

पण नियम आपणहून घरी चालत येत नाही. आपल्याकडे कितीतरी घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि हिस्सेदार मुंबईत. तेव्हा एक काम करा. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढा आणि त्यावर कुणाकुणाचं नाव आहे ते वाचा. चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी येतात. आरती झाली, जेवणं झाली, की तो उतारा मध्ये ठेवा आणि विषय काढा.

आत्याला हे कुणी सांगितलं नाही. म्हणून आज मी तुम्हाला सांगितलं.