सुट्या भागांची हौस : मुंबई-पुण्यातील घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचा एक अलिखित इतिहास

प्रस्तावना

बिघडलेल्या यंत्रातील चालू भाग काढून त्यांपासून दुसरे यंत्र उभे करण्याचा उद्योग भारतीय शहरांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून चालत आला आहे. त्याचा उल्लेख होतो तेव्हा बहुधा 'जुगाड' या शब्दाने होतो आणि विवेचन भारतीय माणसाच्या अंगभूत कल्पकतेच्या गौरवापाशी थांबते. हा गौरव सोयीचा असला तरी इतिहास म्हणून अपुरा आहे. हौशी माणसाच्या मेजावर कोणता भाग येणार, हे त्याच्या कल्पकतेआधी कायदा, आयात धोरण आणि लष्करी साहित्याची विल्हेवाट यांनी ठरविलेले असे. कल्पकतेला वाव मिळे तो त्यानंतर. प्रस्तुत निबंधात मुंबई व पुणे या शहरांच्या संदर्भात हे प्रतिपादन तपासले आहे.

परवाना, संशय आणि काँग्रेस रेडिओ

भारतातील पहिले हौशी बिनतारी केंद्र चालविण्याचा परवाना १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला. १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने मुंबईत प्रक्षेपणाचे प्रयोग केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार श्रोत्यांकडून मिळणारे परवाना शुल्क हा होता. परंतु गॅलेनाचा खडा, त्यावर टेकणारी बारीक तार, गुंडाळी, हेडफोन आणि गच्चीवरील एरियल एवढ्यावर स्थानिक केंद्र ऐकू येई. त्याला वीज लागत नसे, बॅटरीही लागत नसे. असा संच घरात जुळविणारा श्रोता सरकारी नोंदीत यावा कसा? कंपनी १९३० मध्ये दिवाळखोरीत निघाली. शुल्क चुकविणारे श्रोते हे तिच्या अपयशाचे एकमेव कारण नसले तरी एक कारण निश्चितच होते.

१८८५ च्या तार कायद्याखाली विनापरवाना यंत्र 'चालविल्याचे' सिद्ध करणे अवघड होते. म्हणून १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने यंत्र केवळ जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. मात्र याच कायद्याच्या व्याख्येत एक सूट होती : इतर विद्युत कामांसाठी सर्रास वापरले जाणारे साहित्य, ते बिनतारीसाठी खास बनविलेले किंवा बदललेले नसेल तर, 'बिनतारी यंत्र' ठरत नसे. तांब्याची तार, ट्रान्सफॉर्मर, साधा कंडेन्सर हे कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी होते. ते एकत्र जोडले की अपराध सुरू होई. यंत्र सुट्या भागांच्या रूपात सांभाळण्याच्या सवयीमागे काटकसर होतीच. त्या सवयीला कायद्यानेही असा आधार दिला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हौशी प्रक्षेपकांचे परवाने बंद झाले आणि यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघाले. ज्ञान मात्र जमा करून घेता येत नव्हते. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईत सुरू झालेले गुप्त 'काँग्रेस रेडिओ' केंद्र हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर यांच्या या केंद्राला राममनोहर लोहिया यांचे पाठबळ होते. प्रक्षेपकाची तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारी तंत्रज्ञाने सांभाळली; शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्याकडून साहित्याचे साहाय्य झाले. ४२.३४ मीटरवर बोलणारे हे केंद्र चौपाटीवरील 'सी व्ह्यू' इमारतीपासून महालक्ष्मीजवळच्या 'पॅरेडाइज' बंगल्यापर्यंत जागा बदलत राहिले. उघडता, हलविता आणि पुन्हा जोडता येईल असा प्रक्षेपक नसता तर हे शक्य झाले नसते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी 'पॅरेडाइज'वर छापा घातला. त्यांना तेथवर नेणारी माहिती प्रिंटर यांनीच दिली होती. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्या पुण्याच्या येरवडा कारागृहातून सुटल्या. मोटवाने निर्दोष ठरले. ज्या हातांनी केंद्र उभे केले त्यांनीच ते पोलिसांच्या स्वाधीन केले, हा या प्रकरणाचा कटू भाग गौरवपर लेखनात अनेकदा झाकला जातो. तो झाकण्याचे कारण नाही. एकाच माणसाच्या कौशल्यावर सारे यंत्र अवलंबून असले की तो माणूस हीच त्या योजनेची सर्वांत दुबळी जागा ठरते.

युद्धाची रद्दी

युद्ध संपले आणि दोस्त राष्ट्रांच्या फौजांचे प्रचंड साहित्य भारतात पडून राहिले. विल्हेवाटीच्या मार्गाने त्यातील रेडिओ-साहित्य जुन्या बाजारांत उतरले. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार येथे हौशी मंडळी त्याच्या शोधात फिरत. अमेरिकन बनावटीचा ८०७ हा व्हॉल्व्ह हौशी प्रक्षेपकांचा आधारस्तंभ होता. १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्करी सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रात भारतीय हौशी रेडिओ संस्थेचे उद्घाटन झाले, हेही सूचक आहे. माल लष्कराचा आणि विद्याही पुष्कळ अंशी लष्कराचीच.

येथे एक वेगळे उदाहरण नोंदविणे उचित ठरेल. १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली कल्याण येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्या सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या होत्या व देणगी म्हणून भारतात आल्या होत्या. संस्थेला जुने साहित्य पत्रव्यवहाराने मिळाले, हौशी माणसाला ते घासाघीस करून घ्यावे लागे. पहिल्याला संशोधन म्हटले गेले, दुसऱ्याला खटपट.

टंचाईचे तंत्र

स्वातंत्र्योत्तर आयात निर्बंधांत परदेशी भाग दुर्मीळ आणि महाग झाले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये व्हॉल्व्हचे आणि पुढच्या वर्षी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू केले. तरी परदेशी पुस्तकातील मंडळात सांगितलेला भाग लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेलच असे नसे. त्यातून पर्यायी भाग शोधण्याचे एक शास्त्रच तयार झाले. एसएल १०० आणि एसके १०० ही जोडी पुढे जणू सर्व रोगांवरील औषध म्हणून वापरली गेली. १९६९ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक सुरू झाल्यावर देशी भागांवर बेतलेली मंडळे छापील स्वरूपात मिळू लागली.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतील प्रत्येक भागाचे पुनर्जन्माचे भाग्य सारखे नव्हते. गँग कंडेन्सर, म्हणजे केंद्र लावताना फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, जवळजवळ अमर. स्पीकरचा कागदी शंकू फाटला तर चिकटविता येई. मेन्स ट्रान्सफॉर्मर जळला तरी त्याचे पत्रे घेऊन नवी तार गुंडाळता येत असे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र वर्षानुवर्षे पडून राहिल्यास आतून सुकत आणि जुना कंडेन्सर थेट पूर्ण दाबावर जोडणाऱ्याला स्फोटाचा अनुभव येई. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेने लवकर बिघडे. म्हणून डाग सोडविताना त्याचा पाय पक्कडीत धरून उष्णता पक्कडीकडे वळवीत. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि दुकानाच्या फळीवर अधिक होते. ते लिहून ठेवणारे कमी असल्याने आज त्याचा बराचसा पुरावा जुन्या यंत्रांतील दुरुस्तीच्या खुणांतच वाचावा लागतो.

१९८० च्या दशकात रेडिओ ऐकण्याचा परवाना इतिहासजमा झाला. प्रक्षेपणाचा परवाना राहिला, पण पूर्ण यंत्राची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच होती. या पार्श्वभूमीवर हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास मांडलेला 'बिटेक्स' हा प्रक्षेपक-ग्राहक महत्त्वाचा ठरतो. त्यात दुर्मीळ फेराइट कड्यांऐवजी टीव्हीच्या बलूनचे गाभे आणि एका गुंडाळीसाठी चक्क नळाचा वॉशर वापरला होता. परदेशांतील हौशी मंडळींनीही तो उत्साहाने जुळविला. भाग न मिळण्याची शक्यता येथे आराखड्याच्या आरंभीच गृहीत धरलेली आहे. बिघाड झाल्यावर शोधलेला तो उपाय नव्हे.

१ मे २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०१६ व २०२२ च्या नियमांनी टाकाऊ यंत्रांचा अधिकृत प्रवास नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे वळविला. उघड्यावर तारा जाळून आणि आम्लात पट्ट्या बुडवून धातू काढणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचा विचार करता हे आवश्यकच होते. परंतु चालू भाग सुटा काढणारा हौशी आणि तांब्यासाठी केबल जाळणारा यांत नियमांनी पुरेसा भेद केलेला नाही. शिवाय भागही बदलले. तांदळाच्या दाण्याहून लहान रोधक पट्टीच्या पृष्ठभागावरच चिकटविलेले असतात. साध्या डागणीने ते काढणे कठीण आणि काढल्यावर ओळखणे त्याहून कठीण. मायक्रोकंट्रोलर शाबूत निघाला तरी त्यातील आज्ञावलीची कळ उत्पादकाकडे असते. १९३३ च्या कायद्याने ट्रान्सफॉर्मर सुटा ठेवण्याची मुभा दिली होती. या कुलूपबंद चिपला ती मुभा कोण देणार, याचे उत्तर अद्याप कोणत्याही नियमावलीत नाही.