थरांची साक्ष : प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील जीवाश्म



गोदावरीचे नाव आपण लहानपणापासून स्नानाच्या श्लोकात घेत आलो. परंतु तिच्या काठचे खडक आपण क्वचितच वाचतो. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या परिसरात भूकवचाचा एक लांबट पट्टा कोट्यवधी वर्षे खचत गेला आणि नद्यांनी त्यात वाळू व गाळ भरला. खालच्या थरांत सिंगरेणीचा कोळसा आहे. त्याच्या बऱ्याच वर, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीची मालेरीची तांबडी माती. आणि तिच्याही वर कोटा गावाच्या नावाने ओळखले जाणारे वालुकाश्म व चुनखडक.

हा ग्रंथ वाचण्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. कोट्याच्या चुनखडकात सापडलेल्या एका माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच्या नावात ‘दख्खन’ गोवले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मालेरीच्या जीवाश्मांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. मालेरीत फुप्फुसमाशांचे दात मिळतात, कोट्यात खवल्यांचे मासे आणि डायनोसॉर. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना जीवसृष्टीच पालटलेली दिसते.

पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी येथून एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे काढली. उत्खननाचा पहिला हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात आला. म्हणून १९७५ मध्ये त्या प्राण्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठेवण्यात आले. ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. यामनपल्ली येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला मिळालेल्या ‘कोटासॉरस’चे नामकरण १९८८ मध्ये झाले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आपण पाहू शकतो.

या काळात वरचे नकाशे मात्र बदलत राहिले. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या भूमीचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. २०१४ मध्ये तो तेलंगणात आला. आज कोटा गाव महाराष्ट्रात, तर यामनपल्ली तेलंगणात आहे. त्या विभागणीची झळ आपल्यापैकी अनेक घरांना लागली. खडकाचा थर मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर एकच आहे, आणि एका तीरावरचा पुरावा दुसऱ्या तीरावाचून अपुरा राहतो.

येथे एक कबुली देणे मला कर्तव्य वाटते. विद्यार्थिदशेतील एका सहलीत मी हाडासारखा दिसणारा एक दगड उचलून घरी आणला. कोणत्या ओढ्यात, कोणत्या थरात तो होता, याची नोंद मी केली नाही. आज तो माझ्या टेबलावर आहे. परंतु त्याला काही विचारावे, तर तो मुका आहे. जीवाश्माचे मोल केवळ त्याच्या आकारात नसते. तो कोठे होता, त्याच्या खाली काय आणि वर काय होते, यात त्याची निम्मी साक्ष असते. ती मी माझ्या हाताने पुसून टाकली.

म्हणून या शाळेच्या मुलांना माझी एकच विनंती आहे. त्या खोऱ्यात जाल तेव्हा पाहा, वहीत टिपा, रेखाटन करा, जाणकारांना कळवा. पण वस्तू जागची हलवू नका. कोट्यवधी वर्षे जपलेली साक्ष आपल्या एका क्षणाच्या हौसेने मुकी होऊ नये.