कातळावरचं बी

येशूच्या एका दृष्टान्तात एक शेतकरी पेरणीला निघतो. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. दापोलीतल्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगितली, तर तो आधी विचारील : कातळावर बी टाकायला हा वेडा होता का? आपल्याकडे राब भाजून त्यात भात पेरायचं, मग रोपं उपटून चिखलात लावायची, ही रीत. गालीलात मुठीनं बी फेकत चालत, आणि मातीच्या पातळ थराखाली खडक दडलेला असे. हे ठाऊक नसलं की पेरणाराच मूर्ख ठरतो.

पण अनोळखी गोष्टींपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा शास्त्री रात्री येशूकडे येतो. तिथं येशूच्या बोलण्यात जो ग्रीक शब्द आहे, त्याचे दोन अर्थ होतात : ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिला अर्थ घेतो आणि गोंधळतो. पुढं वारा आणि आत्मा या दोन्हींसाठी ग्रीकमध्ये एकच शब्द येतो. मराठीत दोन लागतात आणि श्लेष जातो. शिवाय ‘आत्मा’ म्हटलं की मराठी वाचकाला गीता आठवते, ‘पुन्हा जन्म’ म्हटलं की पुनर्जन्म. तो अडखळतच नाही. समजलं, असं मानून पुढं जातो.

मराठीतला नवा करार १८११मध्ये श्रीरामपूरला मोडी लिपीत छापला गेला. १८२३मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. नंतर दापोलीजवळच्या हर्णैलाही त्यांचं ठाणं झालं. १८२६मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार निघाला. या भाषांतरांची मराठी बरीचशी पंडिती होती.

हा प्रश्न ज्यांनी जिवाशी घेतला, त्यांतले दोघे महत्त्वाचे. दापोली तालुक्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक (जन्म १८६१) यांना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंशी काही वर्षांची ताटातूट झाली. एका पुस्तकाचा अर्थ लावण्याची ही किंमत होती. पुढं त्यांनी ख्रिस्त अभंगांत आणला, वारकऱ्यांच्या ओळखीच्या शब्दांत.

पंडिता रमाबाईंनी उलटी वाट धरली. संस्कृतच्या या विदुषीनं हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२मध्ये मृत्यूच्या तोंडाशी ते काम पुरं झालं.

टिळकांच्या वाटेनं ग्रंथ जवळ येतो, पण जुन्या अर्थांत विरघळण्याचा धोका असतो. रमाबाईंच्या वाटेनं तो मुळाला धरून राहतो, पण थोडा परकाही राहतो. दोन्ही वाटा लागतात.

आणि तरी एक गोष्ट उरते. त्या पेरणीच्या गोष्टीचा अर्थ येशूच्या शिष्यांनाही कळला नव्हता. त्यांनी तो नंतर विचारला. ते तर गालीलातलेच होते. खडक, काटे, मूठभर बी, सगळं त्यांच्या रोजच्या बघण्यातलं होतं.