तारांगणातील शालेय कार्यक्रम : यंत्र, निवेदन आणि नक्षत्रनामे

१

शालेय विद्यार्थ्यांसाठी तारांगणात होणाऱ्या कार्यक्रमांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते प्रक्षेपक यंत्र कोणत्या साली कोठे बसविले गेले, त्यातून किती तारे दिसत, एवढ्यावर तो थांबतो. परंतु घुमटाखालच्या अंधारात बसलेल्या मुलापुढे एकाच वेळी दोन गोष्टी येत असतात : डोळ्यांना दिसणारे प्रकाशाचे ठिपके आणि कानी पडणारे शब्द. त्या ठिपक्यांचे सप्तर्षी किंवा मृग होतात ते शब्दांमुळे. यंत्र परदेशातून आणता येते. शब्द मात्र ज्या त्या भाषेला स्वतः पुरवावे लागतात. मराठीने ते कसे पुरविले आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभी संज्ञेचाच विचार करणे इष्ट होईल. ‘प्लॅनेटेरियम’ हा शब्द मूलतः ग्रहवाचक होय. अठराव्या शतकात ग्रहांच्या गती दाखविणाऱ्या यांत्रिक प्रतिकृतींना ही संज्ञा लावीत असत. नेदरलँड्समधील फ्रानेकर गावी लोकर विंचरण्याचा व्यवसाय करणाऱ्या आइसे आइसिंगा या गृहस्थाने १७७४ ते १७८१ या काळात आपल्या राहत्या घराच्या छताला अशी प्रतिकृती बसविली, आणि ती आजही पाहावयास मिळते. तीत ग्रह आहेत, तारकांनी भरलेले आकाश नाही. पुढे विसाव्या शतकात हेच नाव एका अगदी निराळ्या यंत्राला मिळाले. त्याचे मुख्य काम तारे दाखविणे हे असूनही नावातला ‘ग्रह’ तसाच राहिला. मराठीने मात्र शब्दशः भाषांतर न करता ‘तारांगण’ हा शब्द पत्करला. हिंदीत रूढ असलेल्या ‘तारामंडल’ या शब्दाहून तो वेगळा आहे. मंडल ही शास्त्राची भाषा झाली. अंगण ही घराची. ज्या समाजात मुले उन्हाळ्याच्या रात्री अंगणात अंथरुणावर पडून तारे पाहात, त्या समाजाला हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

२

प्रक्षेपक यंत्राचा जन्म जर्मनीतला. म्युनिक येथील डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना लोकशिक्षणासाठी आकाशाची प्रतिकृती हवी होती. तारे बसविलेला अवजड गोल फिरविण्याऐवजी स्थिर घुमटावर मधोमध ठेवलेल्या यंत्रातून तारे प्रकाशाने उमटवावेत, ही कल्पना येना येथील त्साइस कारखान्याचे अभियंते वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९१९ मध्ये मांडली. २१ ऑक्टोबर १९२३ रोजी म्युनिक येथे तिचे पहिले प्रात्यक्षिक झाले आणि मे १९२५ मध्ये ते यंत्र तेथे कायमचे सुरू झाले.

या पहिल्या यंत्राची एक मर्यादा येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ते केवळ म्युनिकच्या अक्षांशावरून दिसणारे आकाश दाखवू शके. म्युनिक ४८ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तेथील क्षितिजावर अगस्तीचा तारा कधीच उगवत नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेस गेलेला हा ऋषी त्या घुमटाखाली येणे शक्यच नव्हते. त्यानंतर त्साइस कारखान्याने दोन टोकांना दोन तारकागोल असलेले दुसरे यंत्र तयार केले, तेव्हा पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणाचे आकाश दाखविण्याची सोय झाली. म्हणजे यंत्रालाही आपले गाव असते. कोणाचे आकाश दाखवावयाचे, हा प्रश्न निवेदनाच्याही आधी यंत्राच्या रचनेत शिरलेला होता.

शिकागोचे अ‍ॅडलर तारांगण १९३० मध्ये आणि ओसाकाचे १९३७ मध्ये सुरू झाले. ही यंत्रे मोठ्या शहरांनाच परवडणारी होती. शाळांपर्यंत तारांगण पोहोचविण्याचे श्रेय फिलाडेल्फियातील आर्मंड स्पिट्झ यांच्याकडे जाते. बारा पंचकोनी पृष्ठांच्या पोकळ घनाला ताऱ्यांच्या जागी सूक्ष्म छिद्रे पाडून आत एक दिवा ठेवावयाचा, अशी साधी योजना करून त्यांनी १९४७ मध्ये सुमारे ५०० डॉलर किमतीचे यंत्र बाजारात आणले. पुढे १९५७ मध्ये स्पुटनिक उडाले आणि १९५८ मध्ये अमेरिकेत शिक्षणविषयक नवा कायदा झाला. त्यातून मिळालेल्या साहाय्यामुळे तेथील अनेक शाळांत असे घुमट उभे राहिले. स्वस्त यंत्राबरोबर एक महत्त्वाचा बदल घडून आला : निवेदकाच्या जागी वर्गशिक्षक आला.

३

भारतातील आद्य तारांगण अशाच एका शाळेच्या आवारात उभे राहिले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पुण्याच्या टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले. त्याचे यंत्र स्पिट्झ पद्धतीचे आहे. त्याचा उल्लेख कित्येकदा ‘आशियातील पहिले’ असा केला जातो. परंतु ओसाकाचा दाखला पाहता ते विधान टिकणारे नाही. त्याचे खरे वैशिष्ट्य ते शाळेत होते, हेच मानावे लागेल.

त्या घुमटाखाली उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला मराठी शब्द मात्र नव्याने शोधावे लागणार नव्हते. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहून मृगशीर्षाच्या आधारे वेदकाळाची चर्चा केली होती. शिक्षकी पेशातच आयुष्य घालविलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘ज्योतिर्विलास’मधून सामान्य वाचकाला रात्रीचे आकाश दाखविले, आणि १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाने परिभाषेचा पाया घातला. पुण्यातच १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली होती. यंत्र येण्यापूर्वी साठ वर्षे भाषेची सिद्धता झालेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

४

या सिद्ध भाषेचे थर मात्र एकजिनसी नाहीत. पहिला थर कृत्तिका, रोहिणी, मृग, चित्रा, स्वाती अशा नक्षत्रांचा. तो वैदिक वाङ्मयापर्यंत जातो. दुसरा मेष, वृषभ आदी राशींचा. तो ग्रीकांच्या संपर्कातून आला, असे सामान्यतः मानले जाते. तिसरा थर अर्वाचीन असून तो पाश्चात्त्य तारकासमूहांना दिलेल्या प्रतिनामांचा आहे.

या तिसऱ्या थरातील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. सिफियस, कॅसिओपिया, अँड्रोमेडा आणि पर्सियस हे चार तारकासमूह आकाशात शेजारी असून ते एकाच ग्रीक कथेतील राजा, राणी, राजकन्या आणि तिचा त्राता आहेत. मराठीत त्यांना अनुक्रमे वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती म्हणतात. नातेसंबंध पाहिल्यास हे प्रतिनामकरण सदोष ठरेल. कारण शर्मिष्ठा वृषपर्व्याची पत्नी नव्हे, कन्या आहे आणि देवयानी तर शुक्राचार्यांची मुलगी. कथेतील भूमिका पाहिल्यास मात्र ते अगदी चपखल आहे. कॅसिओपियाच्या गर्वामुळे अँड्रोमेडा संकटात सापडते आणि पर्सियस तिला सोडवितो. शर्मिष्ठेच्या रागामुळे देवयानी विहिरीत पडते आणि ययाती तिला हात देऊन वर काढतो. येथे भाषांतर शब्दाचे नसून कथानकाचे झाले आहे. मात्र शेजारचा तिमिंगल, म्हणजे ग्रीक कथेतील सागरी राक्षस, या नव्या कथेत काम नसलेला उरतो.

अशा नावांनी मुलांना आकाश आपलेसे वाटते, यात शंका नाही. परंतु निवेदकाने मृग आणि शर्मिष्ठा ही दोन्ही नावे ‘आपल्या पूर्वजांनी दिलेली’ म्हणून एकाच सुरात उच्चारली, तर मुलांच्या मनात चुकीचा इतिहास रुजतो. दोन नावांमधील हजारो वर्षांचे अंतर एका वाक्यात सांगता येते. ते न सांगणे हा निवेदनाचा दोष समजला पाहिजे.

याउलट, जेथे भाषेने स्वतःच घोटाळा करून ठेवला आहे तेथे यंत्र तिच्या साहाय्यास येते. ‘मृग लागला’ हे शब्द शेतकऱ्याचे मूल दर वर्षी जूनच्या ७ किंवा ८ तारखेच्या सुमारास ऐकते. पण त्या दिवसांत रात्री आकाश निरभ्र असले तरी मृग दिसत नाही. तो संध्याकाळी दिसतो हिवाळ्यात. ‘नक्षत्र’ या एकाच शब्दाने तारकांचा समूहही कळतो आणि सूर्य त्या समूहात असण्याचा काळही कळतो, हे या कोड्याचे मूळ होय. घुमटाखाली दिवसाचा उजेड काढून टाकून सूर्य आणि तारे एकाच वेळी दाखविता येतात. मृगाच्या तारकांच्या वरच्या बाजूस सूर्य उभा दिसला, की ‘लागला’ या क्रियापदाचा अर्थ मुलाला डोळ्यांनी कळतो. ‘उगवत’ आणि ‘मावळत’ या दिशावाचक शब्दांचेही तसेच आहे. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवा हात ज्या बाजूस येतो ती दक्षिण, हा त्या शब्दाचा मूळ अर्थही तेथे प्रत्यक्ष दाखविता येतो.

५

कोलकात्याचे बिर्ला तारांगण १९६२ मध्ये सुरू झाले आणि २ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे औपचारिक उद्‌घाटन केले. मुंबईत वरळी येथे ३ मार्च १९७७ रोजी नेहरू तारांगण सुरू झाले. पहिल्या ठिकाणी बंगाली, हिंदी व इंग्रजी, तर दुसऱ्या ठिकाणी मराठी, हिंदी व इंग्रजी अशा भाषांतून कार्यक्रम होत आले. प्रेक्षकाच्या भाषेत आकाश सांगावे, हे तत्त्व त्यामुळे संस्थात्मक पातळीवर मान्य झाले. २००३ मध्ये मुंबईस संगणकीय प्रक्षेपण आले. जगातील इतर तारांगणांतही हाच बदल घडला, आणि त्याबरोबर ध्वनिमुद्रित निवेदनाचा प्रसार वाढला.

ध्वनिमुद्रित निवेदन उच्चारात निर्दोष आणि माहितीत तपासलेले असते. पण एका भाषेतील संहितेवर बेतलेली चित्रे दुसऱ्या भाषेसाठी वापरली, की वाक्याला चित्राच्या मापात बसावे लागते. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘दिसतो’ हा शब्द उच्चारला जाईपर्यंत तारा पुढे सरकलेला असतो. त्याहून मोठी हानी दर्शक सर्वनामांची होते. ‘तो पाहा’, ‘त्याच्या खाली’, ‘तुमच्या पाठीमागे’ ही भाषा समोर बसलेल्या मुलांकडे पाहून बोलावयाची असते. कोकणातून आलेल्या वर्गाला समुद्रात मावळणारा सूर्य आणि मराठवाड्यातून आलेल्या वर्गाला पेरणीचे नक्षत्र, हा विवेक मुद्रित आवाजाला करता येत नाही. मुलाने मध्येच प्रश्न विचारला, तर त्याला थांबताही येत नाही.

शहरांतील दिव्यांमुळे आज असंख्य मुलांना अंधारे आकाश प्रथम तारांगणातच भेटते. अशा वेळी तेथे ऐकलेली नावे हीच त्यांची आकाशाची पहिली भाषा ठरते. म्हणून शालेय कार्यक्रमाच्या अखेरीस यंत्र स्थिर ठेवून दहा मिनिटे तरी जिवंत निवेदकाच्या स्वाधीन करावीत, आणि त्या निवेदकाला ताऱ्यांच्या स्थानांबरोबर त्यांच्या नावांचा इतिहासही शिकविला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. १९५४ साली शाळेच्या आवारात तारांगण उभे राहिले तेव्हा शिक्षक आणि निवेदक या दोन भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र येऊ शकत होत्या. यंत्रे सुधारत गेली तरी ही शक्यता जपणे अगत्याचे आहे.