उंबराचं पाणी कोणाचं?

आम्ही मनोरीच्या बचत गटातल्या बायका. गटात हिंदू कोळणी आहेत, ख्रिस्ती कोळणी आहेत, ईस्ट इंडियन आहेत. हप्ता सगळ्यांचा सारखाच. मागे लग्नाच्या गप्पा चालल्या होत्या. एक जण सहज बोलून गेली, "उंबराचं पाणी तर आमच्यातलं. तुम्ही कशाला करता?" समोरच्या मावशी गप्प झाल्या. पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत.

मग आम्ही गटात एक कादंबरी वाचायला घेतली, महाबळेश्वर सैल यांची 'तांडव'. कोकणीत ती 'युग सांवार' नावाने आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात झालेल्या धर्मांतराची ही गोष्ट. तिच्यात पाद्र्यांची जबरदस्ती आहे, तशीच बाटलेल्याला परत घरात न घेणाऱ्या आपल्याच माणसांची कठोरताही आहे. वाचता वाचता आमचं भांडण थोडं निवळलं.

गोष्ट गोव्याची असली, तरी आपणही त्याच राज्यात होतो. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्यामागून मिशनरी आले. बोरिवलीचं मंडपेश्वर लेणं आपण पाहिलं असेल. महादेवाच्या त्या लेण्याचं फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च केलं, वर मठ बांधला. आज आत नटराज आहे, एका भिंतीवर कोरलेला क्रूसही आहे. वर मठाचे पडके अवशेष उभे आहेत.

गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय आलं. 1736 साली त्याने गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी एक मोठं फर्मान काढलं. लग्नात ओव्या गायच्या नाहीत. नवरा-नवरीला हळद, तेल, नारळाचा रस लावायचा नाही. विधी म्हणून तांदूळ कांडायचे नाहीत. विडा-सुपारी द्यायची नाही. दारी तुळस नको. यादी वाचताना आम्हाला एक गोष्ट कळली. त्यातली बरीचशी कामं बायकांची. आणि बंदी घालावी लागली, म्हणजे बाप्तिस्मा होऊन दोन-दोन शतकं गेली तरी बायका ते करतच होत्या.

तीनच वर्षांनी, 1739 साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज आपल्या भागातून गेले. पण इथल्या ख्रिस्ती लोकांनी आपला धर्म सोडला नाही. तोवर तो त्यांचा स्वतःचा झाला होता. 1887 साली त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. पण भाषा मराठीच राहिली, लुगडं राहिलं. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आंघोळीचं पाणी आणणंही राहिलं. तेच उंबराचं पाणी.

मग ते कोणाचं? ज्यांनी बंदी असतानाही असे रिवाज सोडले नाहीत, त्यांना "तुम्ही कशाला करता" असं विचारायचा आपल्याला काय हक्क? आम्ही सगळ्या मिळून मावशींच्या घरी गेलो. जी बोलली होती, तिने स्वतः माफी मागितली. मावशी हसल्या आणि त्यांनी लग्नातली चार गाणी म्हणून दाखवली. त्यातली दोन आमच्या आजीही म्हणायच्या.

आता लग्नात डीजे लागतो, गाणी येणाऱ्या बायका थोड्याच उरल्यात. म्हणून आम्ही ठरवलंय, दर बैठकीत हिशोब झाला की एक गाणं मोबाईलवर भरून घ्यायचं. गाणं कोणत्याही घरचं चालेल. मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशी एखादी मावशी असेल. तिच्याकडे जा, वेळ काढून बसा.